मेहुण्याचा गप्प ट्रक

मेहुण्याचा जुना ट्रक विकत घेण्याआधी सुताराने बायकोच्या हट्टापायी तो गॅरेजात आणला. "भाऊ माझाच आहे, म्हणूनच सांगते, तपासून घ्या," ती म्हणाली होती. मेकॅनिक मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्याखाली, डिफरन्शियलखाली शिरताच सुतारही शेजारी उकिडवा बसला, कारण त्याचा संशय मेहुण्यावर नव्हता, मेकॅनिकवर होता. "मागून जरासुद्धा आवाज नाही, उगाच काम काढू नका," त्याने बजावलं. "एवढा जुना ट्रक आणि इतका गप्प? इथंच पाणी मुरतंय," म्हणत मेकॅनिकने बूच काढलं. तेलाबरोबर लगदा ट्रेमध्ये पडला. "लाकडाचा भुसा. झिजलेल्या गिअरची घरघर दाबायला घालतात." "तुम्हीच टाकला असेल!" म्हणत सुताराने चिमूटभर चोळला आणि तोही ट्रकसारखा गप्प झाला. परवाच मेहुण्याने कोंबड्यांच्या खुराड्यासाठी त्याच्याकडून भुशाचं पोतं नेलं होतं, आणि ते सुताराने स्वतः दाबून दाबून भरून दिलं होतं.