दारापर्यंत मोटार

भिकाजीच्या खळ्यात मोटार शिरली तेव्हा अख्खी वाडी तिच्याभोवती गोळा झाली, आणि मुलगी बघायला आलेला मुलगा कुणी पाहिलाच नाही. पाहिला तो एकट्या गोदूबाईनं, माजघराच्या खिडकीतून, तोही पुरता नाही. टोपी दिसली, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट दिसला, आणि बापाच्या आधारानं दोन पावलांत तो ओटीवर जाऊन बसलासुद्धा.

हे तिला खटकलं. सोयरिकीला येणारी माणसं आजवर खालच्या व्हाळाचं पाणी ओलांडून पाखाडी चढून यायची. चिऱ्याच्या उभ्या पायऱ्या त्या. चढताना माणसाचं सगळं कळतं. लंगडा, दमेकरी, तापट, ऐदी, कुणी लपून राहत नाही. खिडकीत बसून बायका निम्मी सोयरीक तिथंच ठरवत, नाहीतर मोडत. यंदा लोकल बोर्डाची सडक वाडीच्या माथ्यावर आली, भिकाजीनं हौसेनं आपल्याच खळ्याचा दगडी गडगा पाडून मोटारीला वाट करून दिली, आणि पाखाडी राहिली बाजूला.

भिकाजी गोदूबाईचा धाकटा भाऊ. त्याची लेक राही आईवेगळी, गोदूबाईनंच वाढवलेली. पण आज भाऊ काही ऐकण्याच्या पलीकडं गेला होता. भोंगा कानावर पडला तेव्हाच त्यानं मनातल्या मनात मुलगी देऊन टाकली होती. सवाष्णींनी तर कहरच केला. मुलाला ओवाळायचं सोडून मोटारीच्या नाकाडावर हळदकुंकू वाहिलं.

पाय धुवायला गोदूबाईनं पाणी पाठवलं, ते तसंच परत आलं. मुलाचा बाप सखारामशेट हसून म्हणाला, मोटारीनं आलेल्याच्या पायाला धूळ कुठली लागायला. मुलाचं नाव लवू, रत्नागिरीला कचेरीत कारकून, घरची आंब्याची कलमं एवढी, भात तेवढं, सगळं बापच सांगत होता. लवू बोलत नव्हता. वैशाखाचा उकाडा, ओटीवरची माणसं पंच्यानं वारा घेत होती, आणि ह्याच्या कोटाचं एकही बटण सुटत नव्हतं.

गोदूबाईला आपलं लग्न आठवलं. तिला बघायला आलेला नवराही मेण्यात बसून आला होता. गावभर ऐट झाली होती तेव्हा. लग्नातलं लुगडं जुनं व्हायच्या आत तो छातीच्या रोगानं गेला, आणि हिचा जन्म भावाच्या चुलीपुढं गेला. राहीच्या वाट्याला ते येता कामा नये.

करवंटीत पन्हं घेऊन ती मागच्या दारानं मोटारवाल्याकडं गेली. त्याचं नाव इद्रीस, मोटार भाड्याची. सहज विचारावं तसं तिनं विचारलं, वाटेत कुठं खोळंबा झाला काय? झाला, तो म्हणाला, चढणीवर दोनतीनदा थांबावं लागलं.

"गाडी तापली व्हती काय रे?"

इद्रीसनं ओटीकडं बघितलं, मग फडकं घेऊन काच पुसायला लागला.

"गाडी कशाला तापंल, बाय," तो म्हणाला. "गाडी नवी हाय."

गोदूबाई समजली. परत आली तेव्हा ओटीवर सुपारी फोडायला अडकित्ता निघाला होता. सुपारी फुटली की शब्द फिरवता येत नाही. फिरवला तर पोरीच्याच नावाला बट्टा लागतो. पुरुषांच्या बैठकीत ती कधी येत नसे. आज उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली.

"आमच्याकडं आधी देवी, मंग सुपारी," ती म्हणाली. "मुलानं देवीच्या पाया पडून यायचं. रीत हाय."

देवीचं देऊळ खाली, पाखाडीच्या पायथ्याशी. रीत खोटी नव्हती, भिकाजीच हौसेच्या भरात विसरला होता. तो ओशाळला. सखारामशेट चटकन म्हणाला, इथूनच हात जोडू की, भाव महत्त्वाचा. म्हातारी माणसं चुळबुळली. मोटारीचं कौतुक कितीही असलं तरी देवीला ओटीवरून उरकायचं हे कुणाला रुचलं नाही.

तेवढ्यात लवूच उठला. बापानं त्याची बाही धरली. त्यानं ती सोडवली आणि पाखाडीची वाट विचारली.

उतरणं निभलं. देवीपुढं नारळ ठेवून तो परत फिरला, निम्म्या पायऱ्या चढला आणि मटकन बसला. खोकल्याची उबळ आली ती थांबेना. तोंडाशी रुमाल दाबून धरला होता, तरी वर जमलेल्यांना रुमालावरचं लाल दिसलं. भिकाजीनं अडकित्ता पानाच्या तबकात ठेवून दिला. सखारामशेटनं इद्रीसला भोंगा वाजवायला लावला, पुन्हा वाजवायला लावला. लवू जागचा हलला नाही.

आपलं खरं झालं म्हणून गोदूबाईला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ती पाणी घेऊन पायऱ्या उतरली, त्याच्या ओंजळीत धार धरली. एवढं दुखणं अंगावर घेऊन कशाला आलास रे बाबा, असं तिनं विचारलं. त्या आवाजात राग नव्हता.

लवू पाणी प्याला. श्वास जागेवर यायला त्याला वेळ लागला.

"तुम्ही रीत काढलीत, म्हणून चालून तरी दाखवलं, आत्याबाई," तो म्हणाला. "उद्या लांज्याला दुसरी मुलगी बघायला नेणार आहेत. तिथं म्हणे देऊळसुद्धा सडकेवरच आहे."