नव्व्याण्णवांची सोय

“ते सगळं ठीक आहे, पण उरलेल्या नव्व्याण्णव कोणाकडे सोपवल्या?” आत्याने विचारलं.

फादरनी डोळे मिटले. दोन वर्षं दर रविवारी ती हेच विचारत होती. पण आज शेजारच्या खुर्चीत बिशपसाहेब बसले होते.

गोष्ट साधी होती. एका मेंढपाळाच्या शंभर मेंढ्या असतात. एक हरवते. नव्व्याण्णव रानात सोडून तो तिला शोधायला जातो आणि खांद्यावर घालून आणतो. बायबलमधली सगळ्यात सोपी म्हणून फादरनी पहिल्याच रविवारी ती निवडली होती. मेंढपाळांच्या वस्तीत ती निवडायला नको होती. आत्या ही अख्ख्या वस्तीची आत्या, आणि तिच्या मेंढ्या बरोबर शंभर. तिने ते मनाला लावून घेतलं. वर्ग तिथेच अडकला, तो अडकलाच.

“देवाच्या भरवशावर सोडल्या,” बिशपसाहेब म्हणाले.

“देवाला काय तेवढंच काम आहे?”

वर्गाने माना डोलावल्या. पत्र्याच्या शाळेबाहेर आत्याच्या शंभर मेंढ्या उभ्या होत्या, त्यांतल्याही दोघींनी डोलावल्या. मेंढ्या एकट्या सोडायच्या नाहीत म्हणून त्याही दर रविवारी वर्गाला येत. हजेरी त्यांचीच जास्त भरायची.

बिशपसाहेबांच्या झग्याच्या खिशातून एका कागदाचा कोपरा डोकावत होता. तो फादरच्या बदलीचा हुकूम. शिक्का बसला होता, सही तेवढी बाकी होती. बदली म्हणजे शहरातलं कार्यालय, खिडकीसमोर भिंत आणि निवृत्तीपर्यंत रजिस्टरं. फादरना वस्ती सोडायची नव्हती. दोन वर्षांत त्यांच्या हातून एकही बाप्तिस्मा झाला नव्हता, हे खरं. पण त्यांना जुलाब लागले तेव्हा चाळीस माणसं दोन दिवस दाराशी बसून होती आणि दर फेरीला आतली बातमी मागच्यापर्यंत पोचवत होती. असं शहरात कोण करतं?

“एक माणूस दाखवा,” बिशपसाहेब म्हणाले, “जो एक गोष्ट, एकच, शेवटपर्यंत सांगेल. मग मी हा कागद बाहेर काढणार नाही.”

“आहे ना! आमचा लाकूडतोड्या. त्याला सगळी पाठ आहे.”

“कुठे आहे तो?”

नेमका तोच आला नव्हता.

“आत्ता घेऊन येतो,” म्हणत फादर उठले.

“फादर बाळा, खाली बस,” आत्या म्हणाली. फादर हा हुद्दा होता, बाळा हे वय. “बाहेर धुकं आहे. तुला सरळ रस्ता सापडत नाही, धुक्यातला कुठून सापडणार?”

फादर गेले. दोन वर्षांत ते सहा वेळा हरवले होते, त्यात एकदा विहिरीवर जाताना. विहीर शाळेच्या दारातून दिसते.

पाव तासाने लाकूडतोड्या दुसऱ्या वाटेने डुलत डुलत आला. “फादर कुठायत?”

सगळा वर्ग एकदम उठला. कोणी दोर घेतला, कोणी घोंगडी. आत्या दारापर्यंत गेली आणि थबकली. तिने मेंढ्यांकडे पाहिलं. मग बिशपसाहेबांच्या हातातल्या काठीकडे पाहिलं. उंच काठी, वर आकड्यासारखं वळवलेलं चांदीचं टोक.

“हा आकडा मेंढीच्या मानेत घालायचा ना?”

“मुळात तसाच,” बिशपसाहेब चाचरत म्हणाले. “पण आता ही पदाची खूण—”

“किती वर्षं आहे हातात?”

“एकवीस.”

“मग तुम्हाला काय सांगायचं,” आत्या म्हणाली. “डावीकडची काळी हुशार आहे, तिच्यावर डोळा ठेवा.” आणि वस्ती धुक्यात गेली.

फादर दोन तासांनी सापडले. विहिरीपासून शंभर पावलांवर, एका दगडावर, पाय मुरगाळून. लाकूडतोड्याने त्यांना सरळ खांद्यावर घातलं.

“अरे, मी चालतो!”

“कुठे जाल चालत?” लाकूडतोड्याने विचारलं.

सगळे परतले तेव्हा धुकं विरळ झालं होतं. बिशपसाहेब दारात पाय रोवून उभे होते. झगा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखला होता. टोपी एका कोकराखाली होती. काठीचा आकडा काळ्या मेंढीच्या मानेत होता, आणि दोघंही दमलेले दिसत होते.

आत्याने मेंढ्या मोजल्या. शंभर. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजल्या. शंभर.

“झाली बाई गोष्ट पूर्ण,” ती म्हणाली. “हरवलेला हा, आणि बाकीच्या ह्यांच्याकडे. फादर बाळा, असा एक माणूस होता हे तू आधीच सांगितलं असतंस, तर दोन वर्षं वाचली असती.”

फादर अजून खांद्यावरच होते. तिथून बिशपसाहेबांचा खिसा नीट दिसत होता. रिकामा होता.

“सही झाली का?” त्यांनी हळूच विचारलं.

बिशपसाहेबांनी काळ्या मेंढीकडे पाहिलं. ती अजून काहीतरी चघळत होती.

“ही निघून चालली होती,” ते म्हणाले. “परत बोलवायला माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं.”