आधीचं गाढव

बंद पडलेली गाडी सुट्या भागांसाठी विकत घ्यायची असेल, तर तिच्या जुन्या मेकॅनिकला आधी मनसोक्त शिव्या घालायच्या. भाव पडतो आणि आपण हुशार दिसतो.

ती काळी स्पोर्ट्स कार सहा वर्षं एकाच जागी धूळ खात उभी होती. मालकीणबाई शेजारी स्टुलावर स्वेटर विणत बसल्या होत्या. मी बॉनेट उघडलं, डोकं आत घातलं आणि सुरू झालो.

“ही वायरिंग बघा, बाई. माकडाने बरी केली असती.”

“अगदी माझ्या मनातलं बोललात. अजून सांगा.”

एवढं ऐकल्यावर मला चेवच आला. “फुटका पाइप चक्क चिकटपट्टीने बांधलाय. आणि गिअरबॉक्सच्या आत दुसऱ्याच गाडीचं जुनं बेअरिंग ठोकलंय. असल्या गाढवाच्या हातात सायकलसुद्धा देऊ नये.”

विणायच्या सुया थांबल्या. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“गिअरबॉक्स तर तुम्ही अजून उघडलाच नाही.”

माझं डोकं बॉनेटवर आपटलं. सहा वर्षांपूर्वी माझ्याकडे दुरुस्तीला गाडी घेऊन यांचे यजमान आले होते, त्यामुळे बाई काही मला ओळखणार नाहीत, एवढ्याच भरवशावर मी आलो होतो.

“या, बसा,” स्टूल माझ्याकडे सरकवत त्या म्हणाल्या. “गाढव सापडलं. आता भाव मी सांगते.”