गजाभाऊंची उदासी

मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला शर्वाणीसमोर गजाभाऊ बसले होते. गजाभाऊ म्हणजे कॉलेजचा यंत्ररुग्ण, विद्यार्थ्यांच्या सरावासाठी रुग्ण म्हणून ठेवलेला रोबो. उदास राहणं हेच त्यांचं काम. नापास झालो तर वर्ष जाणार, या धास्तीनं शर्वाणी सगळे प्रश्न विसरली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "गजाभाऊ, चार्जिंग झालं का?"

"इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी विचारलं गं, पोरी!" गजाभाऊ खुदकन हसले आणि चक्क गाऊ लागले.

परीक्षक सरांनी कपाळावर हात मारला. "अगं, बरा केलास की याला! बाहेर अख्खा वर्ग थांबलाय. आधी याला उदास कर, मगच पास करतो."

शर्वाणी जरा घुटमळली. "गजाभाऊ, सोमवारपासून पहिल्या वर्षाची मुलं तुमच्यावर सराव करणार आहेत."

गाणं मध्येच थांबलं. गजाभाऊंची मान छातीवर पडली.

सरांनी समाधानानं दाराकडे पाहून हाक दिली, "पुढचा!"