हिरवं पाकीट

तैनानच्या कॉलेजात कुणीतरी वायफायच्या जुन्या खात्यातून शिरून गुण बदलले, तेव्हा साहेबांनी नेटवर्क सांभाळणाऱ्या पेइशानला फर्मावलं, “सोयीचे लाड पुरे. कॉलेजातून गेलेल्यांची खाती बंद कर.” तिने केली. दुसऱ्याच दुपारी पडद्यावर रुइशेंग नावाच्या विद्यार्थ्याचा फोन पुन्हापुन्हा आत येऊ पाहत होता. तो वसंतातच वारला होता. सिग्नलचा माग काढत ती ग्रंथालयाबाहेरच्या बाकापाशी पोचली. त्याची आई तोच फोन उराशी धरून बसली होती. “इथे आलं की हा फोन रोज ‘ये, रुइशेंग’ म्हणायचा. आज रुसलाय.” पेइशानचं ओळखपत्र पाहून तिने पिशवीतून खाऊचं हिरवं पाकीट काढलं. मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून तिथल्या रिवाजाप्रमाणे पेइशाननेही तसंच एक सर्व्हरवर ठेवलं होतं. “लेकानंच शिकवलेलं, मशीन अडलं की हे द्यायचं. ठेवशील ना, पोरी? म्हणावं, माझ्या पोराला तेवढं आत घे.”