शेवटची बांधी

"सूनबाई, आपली धानाची बांधी सर्वात खाली. वरच्यांचं भरून उरलं, तेच आपलं पाणी. बैठकीत तोंड नोको उघडू." सासऱ्यांचा तो आवाज भागीरथाबाईंच्या कानात अजून होता.

तलावाचं पाणी सोडणारे गुणवंतराव थकले, म्हणून आज गाव नवा माणूस निवडत होतं. धान लोंबीवर आलं होतं अन् पाऊस रुसला होता. तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून शेत असलेल्यांचीच नावं निघाली, तशा भागीरथाबाई उठल्या.

"मले द्या ते काम."

"काकू, तुमच्या बांधीतून तलाव तरी दिसते का?" पाळीजवळच्या शेतकऱ्यांतला तरणा प्रफुल म्हणाला. सारे हसले. त्याही हसल्या.

"नाई दिसत, बाबू. पाणी सगळ्यांच्या बांधीतून उतरत माझ्याकडे येते. माझं धान भिजलं, म्हणजे गावात कोणाचंच कोरडं राह्यलं नाई."