सवलत

समुद्रपूरच्या कापसाच्या जिनिंगमधून दमून आलेल्या शब्बीरला रमजानच्या पहिल्याच इफ्तारला भाजी अळणी लागली आणि त्याने ताट अंगणात भिरकावलं. “उपाशी माणसाचं डोस्कं तापतेच,” सासू नजमाला म्हणाली. “नवरा तापट असला त बायकोनं रांधताना जिभेवर चाखून थुंकावं. रोजा तुटत नाई, तशी सवलत हाये.” नजमाही पहाटेपासून उपाशीच होती, तिच्या डोक्याचं कुणी विचारलं नाही. रोज्यात राग गिळायचा असतो. शब्बीर गरळ ओकायचा, थुंकायचं मात्र नजमाने. महिनाभर रस्सा जिभेला लावून मोरीत थुंकताना तिला त्या सवलतीचीच शिसारी आली. ईदच्या सकाळी तिने शिरखुर्मा चाखला आणि थुंकला. “अवं, आज काऊन थुंकते?” सासू ओरडली. “रोजे संपले ना!” बाहेर कुर्त्याच्या तुटक्या बटणावरून शब्बीर तिच्या माहेराचा उद्धार करत होता. “रोजे संपले, अम्मी. नवरा तोच हाये.”